पाहिलेली जागा

आप्पा मयेकर वकिलांकडे मी ज्युनिअर म्हणून लागलो त्या दिवशी त्यांनी मला कायद्याचं पुस्तक दिलं नाही की कुठल्या कज्ज्याचे कागद दिले नाहीत. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. पायात कऱ्हाडहून आणलेला नवा, करकर वाजणारा जोडा होता.

"हा घालून कातळावर घसरशील रे जगतापा," ते म्हणाले, "आणि मग तुझाच दावा चालवायची पाळी येईल माझ्यावर. आधी बाजारात जा आणि टायरच्या वहाणा घेऊन ये."

मी हिरमुसलो. वकिलीची परीक्षा पास होऊन, घाट उतरून रत्नागिरीत आलेला मी. मला वाटलं होतं, काळ्या कोटात उलटतपासणी शिकायला मिळेल. त्याऐवजी पहिले दोन महिने मी आप्पांच्या मागून छत्री सांभाळत वाड्या-वस्त्या तुडवल्या. कारण आप्पांचा एक नियम होता आणि तो सबंध जिल्ह्याला ठाऊक होता. वादातली जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते वकीलपत्र घेत नसत. पाणंदीचा वाद असो, विहिरीचा असो, गडग्याच्या दोन हात दगडांचा असो. अशील कागदांचं बोचकं सोडू लागला की आप्पा ते पुन्हा बांधायला लावायचे आणि विचारायचे, "तुझ्याकडे यायला वाट कुठनं आहे?"

मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, नकाशा आहे की जोडलेला."

"कागदाला पाय नसतात," आप्पा म्हणाले. "तुला आहेत. चल."

जागेवर गेल्यावर ते कोणाला काही विचारत नसत. गडग्यावर बसायचे, सुपारी कातरायचे आणि नुसते बघायचे. पाणवठ्यावरच्या बायका आपापसांत काय बोलतात ते ऐकायचे. तासाभरानं उठून धोतर झटकायचे. तेवढ्यात त्यांना खरं काय ते कळलेलं असे, आणि मला मात्र डास चावलेले असत.

दोन सख्खे भाऊ एका फणसावरून सात वर्षं कोर्टात भांडत होते. थोरल्यानं आप्पांकडे धाव घेतली. फणस कुणाच्या हद्दीत यावर दोन्हीकडून इतके कागद झाले होते की ते उचलायला हमाल लागावा. आम्ही जागेवर गेलो तर फणसच नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात तो आडवा झाला होता, लाकूड दोघांनी मिळून सरपणाला वापरलं होतं, आणि दावा मात्र चालूच होता. आप्पांनी दोघांना उरलेल्या बुंध्यावर शेजारी शेजारी बसवलं. "आता सांगा, कोणाच्या बुडाखाली कोणाची हद्द आली?" म्हणाले. धाकटा आधी हसला, मग थोरला. दावा त्याच आठवड्यात निकाली निघाला. आमची फी बुडाली याचं दुःख फक्त मला झालं.

आप्पा मूळचे कालवलीचे. खाडीपलीकडचं हे गाव. अर्धी भंडारवाडी, अर्धा मुसलमानांचा मोहल्ला. वडील मचव्यावर, मोठ्या शिडाच्या होडीवर, तांडेल होते. भंडाऱ्याचा पोर वकील झाला याचं सगळ्या खाडीला कौतुक होतं, पण आप्पांना त्यांच्या तोंडावर 'ए आप्पा' म्हणणारा माणूस एकच. दाऊद तांडेल. दोघे एका वयाचे, एकत्र पोहायला शिकलेले. दाऊदभाई महिन्या-दोन महिन्यांनी शहरात यायचे, सुक्या बांगड्यांची गाथण घेऊन सरळ आतल्या खोलीत घुसायचे आणि मोठमोठे बागायतदार ताटकळत असताना मोठ्यानं विचारायचे, "ए आप्पा, अजून किती लोकांना भांडायला लावनार हायस?" आप्पांचा चेहरा त्या वेळी जसा खुलायचा तसा दावा जिंकल्यावरही खुलत नसे.

दाऊदभाईंची बायको आमिनाबी. ठेंगणी, खणखणीत आवाजाची. आप्पांना ती भाऊ मानायची आणि मोठ्या बहिणीसारखी झापायची. बावन्न साली आप्पा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा कालवलीच्या सभेत पुरुष मंडळी रस्ता, शाळा, दवाखाना असं काय काय मागत होती. आमिनाबी मागून उठून उभी राहिली.

"तुमचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आमा बायकांना सुक्या पायांनी होडीत चडायला दे रे भाऊ. मोहल्ल्याखालच्या त्या दगडांवरून किती बायका पडल्या, मोज एकदा. तेवडा कर, बाकी काय नको."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "दिला शब्द." आणि आप्पा शब्द देण्याच्या बाबतीत फार कंजूष होते हे मला माहीत होतं.

आप्पा निवडून आले. ऑफिस मी सांभाळू लागलो आणि ते बोटीनं मुंबईला ये-जा करू लागले. पहिलं वर्षभर त्यांनी आमदारकीसुद्धा वकिलीसारखीच केली. कोणी पूल मागितला की हे ओढ्यात उतरायचे. मंडणगडाकडच्या एका वाडीत विहीर मंजूर करायची म्हणून आठ मैल चालत गेले आणि ताप घेऊन परतले. पण मतदारसंघ म्हणजे फणसाचा बुंधा नव्हे. कागद वाढत गेले, समित्या वाढल्या, अधिवेशनं लांबली. मुंबईहून मला कार्ड यायचं: "इथं सगळं कागदावरच ठरतं. पायांना काम नाही. पाय सुजलेत तरी."

चोपन्न सालच्या मार्च महिन्यात कालवलीच्या धक्क्याचा नकाशा त्यांच्यापुढे आला. एका तरुण ओव्हरसिअरनं दोन जागा दाखवल्या होत्या. एक मोहल्ल्याखालची, जिथं होडी पूर्वीपासून लागत होती. तिथं पाणी खोल, पण वरून यायला उभी, दगडी पायऱ्यांची पाखाडी. दुसरी वडाखालची, तिथं सपाट जमीन, मोटरसुद्धा पोचेल अशी. वडाच्या जागेपुढे त्या पोरानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सुकतीच्या वेळची पाहणी झालेली नाही.' सुकती म्हणजे ओहोटी. मंजुरी त्याच आठवड्यात द्यायला हवी होती, नाही तर काम पुढच्या वर्षावर जाणार होतं.

त्याच सुमारास दाऊदभाई ऑफिसात चिठ्ठी देऊन गेले. मास्तरांकडून लिहवून घेतलेली, दोनच ओळींची: 'आप्पा, वडाखाली खुंट्या मारल्यात. एकदा सुकतीला येऊन बघ.' मी ती मुंबईला पाठवली. मी स्वतः कालवलीला जाऊन बघू शकलो असतो. वहाणा होत्या, वेळही होता. मला कोणी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आप्पांचं उत्तर आलं ते मीच दाऊदभाईंना वाचून दाखवलं. 'दाऊद, वडाखाली तू नि मी पोहायला शिकलो. बाबांचा मचवा तिथंच नांगरायचा. ती जागा मी आणखी काय बघायची?'

दाऊदभाई उठले. "बरा," म्हणाले आणि गेले.

जन्मभर दुसऱ्यांच्या जागा बघत हिंडलेल्या माणसाला स्वतःच्या गावची जागा बघावीशी वाटली नाही, कारण ती त्यानं पाहिलेली होती. फक्त ती सुकतीच्या वेळी पाहून पस्तीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत खाडीनं वडाखाली गाळ आणून टाकला होता. नकाशाच्या समासात आप्पांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'वडाखालची जागा मला स्वतःला माहीत आहे. तिथं बारमाही पाणी असतं.' खाली सही.

कालवलीतल्या लोकांना गाळ दिसत नव्हता का? दिसत होता. पण काम चालू झालं तेव्हा चार जाणती माणसं एकमेकांना म्हणाली, आप्पानं ठरवलंय म्हणजे बघूनच ठरवलं असेल, पुढे गाळ काढायची काही तरी योजना असेल. आप्पा जागा बघितल्याशिवाय काही करत नाहीत, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्या नियमावर गाव विसंबलं आणि आप्पा आपल्या आठवणीवर.

उद्घाटन ऐन भरतीला झालं. साहेबलोक चिखलात थोडेच उतरणार होते. पाणी धक्क्याच्या पायरीला चुबुक चुबुक लागत होतं. आमिनाबी ठेवणीतली ओढणी घेऊन आली, धक्क्यावरून होडीत पाय ठेवला, आणि पाय वर करून कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला. आप्पा तेव्हा पोरासारखे हसले. तासाभरात मोटरनं निघून गेले. त्यांना बोट गाठायची होती.

मग सुकती आली. धक्क्यापुढे दीडशे पावलं नुसता मांडीभर चिखल. खाडी ओलांडायची तरीची होडी आता तिथंच लागायची. मोहल्ल्याखालचे जुने दगड वापर सुटल्यानं ढासळले होते. लोक भरती बघून ये-जा करू लागले. आप्पांना कोणी कळवलं नाही. दाऊदभाईंनी तर सगळ्यांना ताकीदच दिली होती, "त्याला कायेक सांगू नका. त्याला खाली बघायला लागंल."

छप्पन सालच्या उन्हाळ्यात, पौर्णिमेच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी आमिनाबीला फुरसं चावलं. वरच्या अंगाला ती पातेरा, वाळका पाला, गोळा करायला गेली होती. फुरशाचं विष लगेच मारत नाही. वेळेवर रत्नागिरीच्या इस्पितळात पोचलं की माणूस वाचतं, अशी कितीतरी वाचलेली माणसं आमच्याकडे होती. दाऊदभाईंनी तिला पाठीवर घेतलं आणि धक्क्यावर आणलं. होडी तिथंच होती. चिखलात बसलेली, एका बाजूला कललेली. गावातल्या बाकीच्या होड्या मासळीला बाहेर गेल्या होत्या आणि मोटर तर गावात नव्हतीच. सहा-सात माणसं चिखलात उतरून होडी ढकलू लागली. पौर्णिमेची सुकती; पाणी आणखी मागे मागे जात होतं. आमिनाबी धक्क्याच्या पायरीवर बसून ते बघत होती. पाणी येऊन होडी तरंगली तेव्हा चार तास उलटून गेले होते आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळात वारली.

माझ्या तारेनं आप्पा आले, तोवर माती देऊन झाली होती. बंदरावरून ते घरी न जाता सरळ कालवलीला निघाले. मी बरोबर होतो. आम्ही पोचलो तेव्हा नेमकी सुकती होती. आप्पा होडीतून धोतरासकट चिखलात उतरले आणि तसेच उभे राहिले. धक्का समोर, कोरडा. बराच वेळ झाला तसा मी त्यांचा दंड धरला. ते म्हणाले, "जगतापा, इथं पाणी होतं रे. माझ्या डोक्यावरनं पाणी होतं."

दाऊदभाई ओट्यावर बसले होते. "आलास? बस," म्हणाले. पाणी दिलं. धक्क्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. आप्पा वाट बघत राहिले. मित्रानं शिव्या द्याव्यात, गळपट धरावं, निदान चिठ्ठीची आठवण करून द्यावी. दाऊदभाई म्हणाले, "भरती लागली. निघा आता."

पुढच्या अधिवेशनात विरोधी बाकांवरून या धक्क्याचा प्रश्न आला. सरकारी उत्तर तयार होतं: ओव्हरसिअरनं पाहणीत हयगय केली, त्याच्यावर कारवाई सुरू आहे. आप्पांना नुसतं गप्प बसायचं होतं. पक्षातल्या एका वजनदार माणसानं त्यांना आदल्या दिवशी गाठून समजावलंही होतं, "मयेकर, निवडणूक तोंडावर आहे. सांभाळा." मी कागदपत्रं घेऊन मुंबईला गेलो होतो, म्हणून त्या दिवशी प्रेक्षकांत बसलो होतो. आप्पा उठले. त्यांनी नकाशा उघडला, आधी त्या पोराचा बारीक अक्षरातला शेरा वाचला, मग समासातला आपला. "अक्षर माझं आहे, सही माझी आहे," ते म्हणाले. "मला येऊन बघ म्हणून चिठ्ठी आली होती. मी गेलो नाही. ओव्हरसिअरचा दोष नाही." आणि खाली बसले. ओव्हरसिअरची नोकरी वाचली. आप्पांना पुन्हा तिकीट मिळालं नाही. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

ते रत्नागिरीला परत आले, पण वकिलीत परत आले नाहीत. अशील यायचा, सवयीनं विचारायचा, "आप्पा, जागा बघायला कधी येताव?" आप्पा माझ्याकडे बोट करायचे. खुर्चीत बसून अडकित्ता उघडायचे आणि सुपारी न कातरताच मिटायचे. दर पंधरवड्याला कालवलीला जात. दाऊदभाई पाणी देत, पावसापाण्याचं बोलत आणि भरतीची वेळ झाली की सांगत. 'ए आप्पा' मात्र बंद झालं होतं. एकदा आप्पा मला म्हणाले, "तो मला एकदा बोलला असता ना, तर मी सुटलो असतो. पण तो बोलायचा नाही. मला लागेल म्हणून बोलायचा नाही."

एक दिवस त्यांनी आठ फुलस्केप कागद माझ्यापुढे ठेवले. मी वाचू लागलो. तो दावा होता. वादी दाऊद तांडेल, राहणार कालवली. प्रतिवादी मयेकर वकील. आप्पांनी स्वतःविरुद्ध लिहिलेला. चिठ्ठी, तिचं उत्तर, समासातला शेरा, भरतीचं उद्घाटन, चार तास, सगळं क्रमवार. मी त्यांचे शेकडो दावे वाचले होते. इतका बिनतोड एकही नव्हता. प्रतिवादीला पळायला त्यांनी फट ठेवली नव्हती. फक्त शेवटी 'सबब वादीची मागणी अशी की' एवढं लिहून पुढे कोरं सोडलं होतं.

"वादीचा वकील तू," आप्पा म्हणाले.

"आप्पा, हा दावा कुठल्या कोर्टात उभा राहणार?"

"ते मला कळतं रे. तू चल."

कालवलीच्या ओट्यावर मी ते आठ कागद वाचून दाखवले. दाऊदभाई मान खाली घालून ऐकत होते. वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं, "माजा अंगटा पायजे काय यावर?"

"हो," आप्पा म्हणाले.

"नाय देत. खोटा हाय तो कागद."

"काय खोटं आहे? सांग. मी दुरुस्त करतो."

"खोटा नाय, अर्दा हाय." दाऊदभाईंनी पहिल्यांदा आप्पांकडे बघितलं. "ती चिट्टी मी नाय दिली आप्पा. तिनं द्यायला लावलीन. मी म्हनलो, तो आता मोटा मानूस, नाय येनार. ती म्हनाली, जागा बगायला बोलावला नि आप्पा आला नाय असा झालाय कदी? तुजं उत्तर मी तिला सांगितला नाय. मना सांगवेना. तीन दिस ती तुज्या वाटची भाकरी थापीत ऱ्हायली. सुकती झाली की वडाच्या वाटेवर जाऊन उबी ऱ्हायची. चवथ्या दिवशी म्हनाली, काम असंल त्याला. हा लिव. हा नाय लिवलंस."

आतून सुनेच्या चुलीचा धूर येत होता. आप्पांनी माझ्या हातातून कागद घेतले, मांडीवर ठेवले, आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत ते सगळं लिहून काढलं. तीन दिवस, भाकरी, वाट. अक्षर वाकडंतिकडं आलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "आता?"

"आता पुरा झाला."

"मागणी काय लिहू?"

"कायेक नको," दाऊदभाई म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसाच." आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

शाईची डबी माझ्याकडे होती. मी पुढे सरकलो तर आप्पांनी ती माझ्या हातून काढून घेतली. त्यांनी स्वतः त्या जाड, दोरखंडानं चिरलेल्या अंगठ्याला शाई लावली, अंगठा आपल्या हातात धरून कागदावर दाबला आणि उचलला. ठसा स्वच्छ उमटला होता. मी कागद काढून घेतला, तरी आप्पांनी तो हात सोडला नाही. दोन्ही हातांत धरून ते खाली बघत बसले. मी पायरी उतरून होडीकडे निघालो. वळून बघितलं तेव्हा आप्पांचे खांदे हलत होते, आणि दाऊदभाईंनी हात काढून घेतला नव्हता.